अर्धीच उघडणारी खिडकी

*जुन्या घरांबद्दल वाचकांचे प्रश्न*

प्रश्न : ताई, आमची बिल्डिंग शिवाजी पार्कात, १९३९ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. निम्म्या लोकांना रिडेव्हलपमेंट हवंय, निम्म्यांना नकोय. मागच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले आपला एरिया हेरिटेज आहे, भिंतीत खिळासुद्धा ठोकता येणार नाही. दुसरे म्हणाले ते सगळं केव्हाच बारगळलं. खरं काय? आणि हेरिटेजमध्ये अडकलो तर आमचं नुकसानच ना?

उत्तर : खिळा ठोका हो, बिनधास्त. ही खिळ्याची अफवा मी किती सोसायट्यांमध्ये ऐकलीये त्याला गणती नाही. मुंबईत हेरिटेजची नियमावली १९९५ ला आली, त्यात इमारतींच्या तीन ग्रेड, पहिलीत सीएसएमटी (पूर्वीचं सीएसटी) वगैरे, तिसरीत साध्या राहत्या घरांसारख्या, आणि शिवाय 'प्रिसिंक्ट' म्हणजे एक इमारत नाही तर अख्खी वस्ती. तिसऱ्या ग्रेडला आतले बदल बहुतेक सगळे चालतात, वस्तीच्या बाबतीत बघतात ते रस्त्यावरून काय दिसतं आणि उंची किती ते. मग २०१२ ला महापालिकेने एक नवीन यादी काढली, प्रस्तावित, त्यात शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी सगळं होतं, आणि लोक असे काही घाबरले की विचारू नका, हरकतींचा पाऊस पडला. तुमचे दोन्ही काका त्याच पावसातले. दोघांचंही ऐकू नका, तुमच्या प्लॉटचा सिटी सर्व्हे नंबर घ्या आणि महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय नोंद आहे त्याचा दाखला, काढा, आज तुमच्या इमारतीवर हेरिटेजचं काही बंधन आहे की नाही ते त्यात लिहून येतं. पुढच्या मीटिंगच्या आधी काढा, अर्धी भांडणं तिथेच संपतील.

आता नुकसानीचं. खोटं कशाला बोलू, उंचीवर बंधन आलं की बिल्डरला मिळणारे मजले कमी होतात आणि मग तुम्हाला मिळणारी जागा पण कमी होते. सत्तरीतल्या माणसाला तीन मजले चढायचे आणि वर गच्चीतून गळतंय, त्याला मी आर्ट डेकोचं, म्हणजे तुमच्या इमारतीच्या काळातल्या त्या गोल बाल्कन्यांच्या शैलीचं, कौतुक सांगायला गेले तर तो मला खालीच ढकलेल, आणि बरोबरच आहे त्याचं. फक्त एक करा, आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. तीस वर्षांवरच्या इमारतीला तसंही कायद्याने लागतंच. तुमच्या इमारती म्हणजे मुंबईतलं सुरुवातीचं आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळई घातलेलं काँक्रीट, समुद्र पाच मिनिटांवर, खारी हवा आत शिरते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की वरचं सिमेंट फोडून बाहेर काढते, म्हणून स्लॅबचे पोपडे पडतात. पोपडा पडला म्हणजे इमारत गेली असं नसतं, पुष्कळदा गंज साफ करून, गेलेल्या सळईच्या जागी नवी घालून, वर पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) भरून नीट दुरुस्ती होते. कधी खरंच होत नाही, तेव्हा पाडायलाच हवी. पण हे ठरवणारा इंजिनियर सोसायटीने स्वतः शोधलेला असू द्या. बिल्डरच्या गाडीतून उतरलेला इंजिनियर 'चांगली आहे' म्हणाल्याचं मी तरी अजून पाहिलं नाहीये.

आणि २०१९ च्या सरकारी नियमांनंतर सोसायटीला ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे तुमच्यासारख्या निम्म्या-निम्म्या सोसायटीत सगळं एका मतावर येऊन ठेपणार. ते एक मत कुंपणावर बसलेल्या माणसाचं असतं, त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या.

पाडायचंच ठरलं तरी वस्तीचं सगळं गेलं असं मला नाही वाटत, इथे माझं आणि माझ्याच क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचं पटत नाही. त्यांचा जीव दर्शनी भागावर, गोल बाल्कनी, खिडकीवरचे लांब छज्जे, ग्रिलमधला उगवता सूर्य. मलाही आवडतात, पण या भागाचा खरा बाज मधल्या जागेत आहे. १८९६ ला प्लेग आला, माणसं दाटीवाटीत मेली, म्हणून १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, दोन घरांमध्ये हवा खेळायला जागा अशी आखणी केली. पार्काभोवतीची घरं नंतरची, मैदान १९२५ ला खुलं झालं ते माहीम पार्क म्हणून, १९२७ ला नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं, पण विचार तोच, की घराला वारा आणि घरातल्यांना रस्ता दिसला पाहिजे. आता जे टॉवर येतात त्यात खालचे चार-पाच मजले गाड्यांचे. म्हणजे पूर्वी पहिल्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचं 'अहो, मेथी कशी दिली?', तिथे आता जाळीमागे पार्क केलेली एसयूव्ही. रस्त्यावर डोळाच राहत नाही. तेव्हा बिल्डरशी बोलताना किचनमध्ये कुठला ग्रॅनाइट याच्यात शक्ती घालवू नका, ग्रॅनाइट तो देणारच आहे. पार्किंग तळघरात घेता येईल का, खालच्या मजल्यांवर माणसं राहतील का, कंपाउंडची भिंत छातीएवढीच ठेवाल का आणि आवारातली झाडं राहतील का, हे विचारा आणि करारात लिहून घ्या. तोंडी नको.

प्रश्न : हिंदू कॉलनीत आजोबांच्या वेळचा फ्लॅट आहे. घरात जुन्या नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या आहेत, पार काळवंडल्यात, त्यावरच व्हिट्रिफाइड टाकायच्या म्हणतोय. खिडक्याही सागवानी, फुगतात, कॉन्ट्रॅक्टर अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग सुचवतोय. काय करू?

उत्तर : फरशीवर फरशी नकोच, जुन्या स्लॅबवर उगाच वजन. आणि काळवंडली म्हणजे वर साठ वर्षांचं पॉलिश आणि मळ बसलाय एवढंच, मशीन पॉलिश करून बघा, खालून रंग कसे वर येतात ते. अ‍ॅसिड मात्र चुकूनही लावू नका, फरशी सिमेंटची आहे, अ‍ॅसिड तिला खातं. दोन-चार फुटल्या असतील तर एक अलगद काढून उलटी करून बघा, कधीकधी मागे बनवणाऱ्याचा छाप असतो. भारत टाइल्सचा निघाला तर मजाच, ती कंपनी १९२२ ची, स्वदेशीच्या जोरात पारशी काका-पुतण्यांनी काढलेली, आणि अजून तसल्या फरश्या बनवते, त्यामुळे जोड मिळण्याची शक्यता आहे.

खिडकीचं गणित सोपं आहे. दोन झडपांची सागवानी खिडकी पूर्ण उघडते, दोन पट्ट्यांची स्लायडिंग कायम अर्धीच. म्हणजे पैसे देऊन तुम्ही घरातला अर्धा वारा विकताय आणि मग ऑक्टोबरमध्ये एसी घेताय. सागवान पावसात फुगणारच, पाऊस संपून लाकूड नीट वाळलं की चांगल्या सुताराकडून कड रंधून घ्या, बिजागऱ्या बदला, तेल-रंग द्या. भर पावसात रंधायला जाऊ नका, हिवाळ्यात फटी पडतात आणि मग सुताराला शिव्या.

प्रश्न : पारशी कॉलनीत भाड्याने राहते. आमच्या गल्लीत फुटपाथचं काम चाललंय आणि झाडांच्या बुंध्याला अगदी चिकटवून सिमेंट ओतलंय. भाडेकरूने तक्रार केली तर चालते का? ऐकतात का?

उत्तर : चालते की, झाडाचा भाडेकरूशी काही वाद नाही. महापालिकेच्या एफ-उत्तर वॉर्डच्या उद्यान विभागाला लेखी द्या, फोटो आणि तारीख जोडा, झाडं १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत हे एका ओळीत लिहा. ऐकतात, पण दुसऱ्यांदा गेल्यावर, तेव्हा पहिल्या अर्जाची पोच जपून ठेवा. तुमची कॉलनी आखणारे मंचेरजी जोशी म्हणजे घरांच्या आधी झाडांचा विचार करणारा माणूस, कुठल्या रस्त्याला कुठलं झाड हेसुद्धा ठरवलेलं, फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. सिमेंट अजून ओलं असेल तर आजच मुकादमाला गाठा, वाळल्यावर फोडताना मुळंही तुटतात.