कासवाला फ्रीजमध्ये झोपवू का?

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. आमचं हर्मन जातीचं, म्हणजे भूमध्य समुद्राकडचं कासव, गुंड्या, सहा वर्षांचा आहे, वजन 620 ग्रॅम. ऑक्टोबर संपत आला तसं खाणं कमी झालंय, नुसता कोपऱ्यात बसून असतो. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात शीतनिद्रेसाठी, म्हणजे थंडीतल्या लांब झोपेसाठी, फ्रीजमध्ये झोपवा, आणि आई पुण्याहून फोनवर ओरडतेय की जिवंत जनावर कोणी फ्रीजमध्ये घालतं का! जिन्याखाली खोक्यात ठेवला तर?

उत्तर: आईंची काळजी मला कळते, मलाही पहिल्यांदा दार लावताना रडू आलं होतं. पण जिन्याखाली नको, खरंच नको. हीटिंगच्या घरात तिथे 15-16 डिग्री असतात, म्हणजे तो धड झोपणार नाही, धड खाणारही नाही, नुसता अंगातला साठा जाळत बसेल. त्याला लागतात 5 डिग्री, 3 ते 7 मध्ये कुठेही चालेल, 10 च्या वर गेलं की जाग येते आणि शून्याखाली गेलं तर डोळे कायमचे जाऊ शकतात. मी पहिल्या वर्षी माझी कासवी गॅरेजमध्ये ठेवली होती, फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं आणि रात्री खोक्यातून नखांचा खरखर आवाज यायला लागला, उघडून बघते तर बाई जागी, वजन इतकं उतरलेलं की हातात घेतल्यावरच कळलं. तेव्हापासून फ्रीज.

पण आधी डॉक्टर, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट. शीची तपासणी करून घ्या जंतांसाठी, आणि आजारी किंवा हलकं कासव झोपवायचंच नाही, त्याला ऊब देणाऱ्या दिव्याखाली जागं ठेवायचं.

मग पोट रिकामं करणं, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. साधारण तीन आठवडे खाणं पूर्ण बंद पण दिवा चालू, कारण ऊब नसेल तर पचनच होत नाही आणि पोटात राहिलेलं अन्न थंडीत सडतं. रोज कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीपर्यंत, त्यात तो पाणी पितो आणि पोटही साफ करतो. शेवटच्या आठवड्यात दिवा हळूहळू कमी करत थंड खोलीत न्या.

फ्रीज वेगळा घ्या, छोटा, बर्फाचा कप्पा नसलेला, स्वयंपाकघरातला नको. दोन आठवडे आधी रिकामा चालवून मॅक्स-मिन थर्मामीटरने (सगळ्यात जास्त आणि कमी तापमान नोंदवणाऱ्या) बघा आकडा कुठे जातो ते, आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की तापमान फार हलत नाही. कासव भोकं पाडलेल्या डब्यात, खाली माती. दार रोज मिनिटभर उघडायचं, आत हवा हवी ना.

दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. 620 चा दहावा भाग 62, तेवढं वजन घटलं, म्हणजे 560 च्या आसपास आला की उठवायचा, तारीख बघत बसायचं नाही. मधेच लघवी केली तरी उठवा, पाणी कमी पडतंय असा त्याचा अर्थ. पहिली वेळ आहे तर सहा ते आठ आठवडे पुरे. उठल्यावर आधी ऊब, मग कोमट पाणी, मग खाणं, आणि आठवड्यात खाल्लं नाही तर परत व्हेट.

प्रश्न: मी नागपूरचा. ओळखीच्यांनी दिलेलं चांदण्यांच्या नक्षीचं कासव थंडीत सुस्त पडलंय. त्यालाही झोपवायचं का?

उत्तर: नाही दादा, अजिबात नाही! ते स्टार कासव आहे, आपल्याकडचं, ते भूमध्य समुद्राकडच्या कासवांसारखं शीतनिद्रा घेत नाही, फ्रीजमध्ये मरेल. सुस्ती म्हणजे थंडी बाधली असेल किंवा आजार असेल. आणि ते घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, देणाऱ्यांनी सांगितलं नसेल. आजच वनविभागाच्या 1926 वर फोन करा. माणूस येईपर्यंत उबदार जागी ठेवा, आणि नाकातून पाणी येत असेल किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे ते थेट डॉक्टरकडे नेतील.