आकडेमोडीत मोडतं काय?

कोथरूडहून एका बाबांचा प्रश्न आलाय. मुलीच्या शाळेसाठी ते गणकयंत्रांच्या इतिहासाचा तक्ता करताहेत. फ्रेंच गणिती पास्कलच्या यंत्राखाली त्यांनी ‘आकडेमोड करणारे यंत्र’ असं लिहिलं. बाई म्हणाल्या, आकडेमोड म्हणजे लबाडी, ‘आकडेवारी करणारे’ लिहा. कोणाचं बरोबर?

तुमचं. आकडेवारी पावसाची असते, पिकांची असते. यंत्राच्या चकत्या फिरवून ती ‘करत’ नाहीत. आकडेमोड म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. बस्स. पण ताळेबंदात कुणी हात मारला की टीव्हीवर ‘आकडेमोड करून घोटाळा’ अशी ओळ फिरते. ‘मोड’ दिसली की यांना मोडतोडच आठवते.

आता खरी गंमत. कॅल्क्युलेटरच्या पोटात लॅटिन खडा आहे, हे सगळेच सांगतात (डॉक्टर मूतखड्याला कॅल्क्युलस म्हणतात तो हाच). आपला शब्द त्याहून देखणा आहे. आपण गणित करायला घेताना ते ‘मांडतो’. मराठीत जे जे मांडतात ते ते मोडतात: डाव मांडतात नि मोडतात, संसारही तसाच. भुकटीची रांगोळी तर मोडतेच. दारातली रांगोळी ‘पुसली’ म्हटलं तर आजी फटका देईल. मग गणित कशावर मांडत? धुळीवर! पाटीगणिताचं दुसरं नाव धूलिकर्म. आपणही अजून ‘धुळाक्षरं गिरवतो’, हातात टॅब असला तरी.

समजा, धूळपाटीवर २७ मांडलेत आणि त्यात ४५ मिळवायचेत. ७ आणि ५ बारा. ७ मोडून तिथंच २ केला, हातचा १. मग २, ४ आणि हातचा मिळून ७. २ मोडून ७ केला. पाटीवर ७२. सत्तावीस गेले कुठं? धुळीत. गुणाकाराची जुनी कपाटसंधी रीत अशीच: गुण्य खाली, गुणक वर, गुणक एकेक घर सरकवायचा आणि जुने अंक मोडत नवे लिहायचे. शेवटी पाटीवर उत्तर तेवढं उरतं. आकडे मोडत मोडत केलेली ती आकडेमोड. कोशात ही व्युत्पत्ती शोधू नका, माझी आहे; पण याहून बरी कुणी दाखवावी.

‘मोड म्हणजे सुटे पैसे, त्यावरून आकडेमोड’ असं ठासून सांगणारे एक गृहस्थ मला प्रत्येक व्याख्यानाला भेटतात. अहो, लक्ष्मी रोडवर पाचशेची नोट मोडली तर हातात पाचशेच येतात. २७ मोडून ७२ करणारा दुकानदार असेल तर पत्ता द्या, मीही येतो.

अरबांनीही आपली ही रीत उचलली आणि तिला धुळीचाच हिशेब म्हटलं, ‘हिसाब अल-गुबार’. इसवी सन ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी या गणितज्ञानं कागद-शाई वापरून, अंक न मोडता गणित करायच्या रीती लिहिल्या. म्हणजे मोडण्याचा कंटाळा हजार वर्षांपूर्वीच आला होता.

हां, पास्कल. १६४२ साली, एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्समधल्या रूआँ शहरात करवसुलीचे हिशेब करणाऱ्या वडिलांसाठी त्यानं ते यंत्र करायला घेतलं. चकत्या फिरवून २७ घाला, मग ४५ घाला. खिडकीत ७२ दिसतात, २७ चा मागमूस नाही. हातचा तर चाक स्वतःच पुढच्या घरात ढकलतं. ही पितळेची धूळपाटीच झाली. आजच्या संगणकाच्या स्मृतीतही जुन्या आकड्यावर नवा बसतो आणि जुना जातो. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं १९९१ मध्ये उभा केलेला महासंगणक परम ८००० हासुद्धा आकडेमोडच करत होता. फक्त असल्या यंत्राच्या खोलीत धूळ चालत नाही.

तेव्हा बाईंना सांगा, शब्द तोच राहील. आणि तक्त्यात पास्कलच्या आधी धूळपाटी दाखवा. खरी रांगोळी चिकटवणार असाल तर शाळेत नेताना रिक्षात सांभाळा, मोडेल.