वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि घर

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे प्रवासाविषयी आहेत. त्यांतील तीन पत्रे, थोडी संक्षिप्त करून, पुढे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका गावात राहते. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले. मुलगा आणि सून पुण्याला असतात, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी आमची तिकडे फेरी होते. यांना प्रवासाची दांडगी हौस आहे. गाडी हलली की यांचा चेहरा खुलतो. मला मात्र आधीची बांधाबांध, रात्रीची अर्धवट झोप, तिथे गेल्यावर बिघडणारे पोट, सगळेच नकोसे होते, आणि आठवडा उलटला की घराची ओढ लागते. मुलाला वाईट वाटेल म्हणून मी बोलत नाही. घरी येऊन कुलूप काढते आणि आत पाऊल टाकते, तो क्षण मला साऱ्या प्रवासात सुखाचा वाटतो. हे यांना पटत नाही. माझ्यात काही उणे आहे का?

उत्तर : शाळेतल्या बाईंना निवृत्तीनंतरही आपल्याकडे बाईच म्हणतात, म्हणून मीही तुम्हाला बाईच म्हणते. बाई, तुमच्यात काहीही उणे नाही. कुलूप काढतानाचा तुमचा आनंद हा प्रवासाचाच भाग आहे, आणि आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते. काशीयात्रा करून आलेला माणूस घरी मावंदे घालत असे. गंगेच्या पाण्याने भरून तोंड बंद केलेला गडू आणलेला असायचा, त्याची पूजा व्हायची, भाऊबंद आणि शेजारीपाजारी जेवायला यायचे, आणि ती पंगत उठली म्हणजे यात्रा पुरी झाली असे धरले जायचे. नुसते काशीला पोहोचून यात्रा पुरी होत नसे. तिचा शेवटचा टप्पा आपल्याच ओसरीवर होता.

तुमच्या त्रासाविषयी मात्र मला थोडे वेगळे सांगायचे आहे. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही सगळा दोष रस्त्याला दिला आहे, पण खानापूर ते पुणे हा एका रात्रीचा प्रवास आहे, आणि एका रात्रीची मोडलेली झोप फार तर दोन दिवस अंगावर राहते. आठवड्यानंतर जी ओढ लागते, ती त्या झोपेमुळे नव्हे. मुलाच्या घरी मोहरीचा डबा कोणत्या फळीवर आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, सूनबाई प्रेमाने ‘तुम्ही बसा हो आई’ म्हणते, आणि ज्या हातांनी आयुष्यभर शाळा आणि घर दोन्ही सांभाळले ते हात आठ दिवस मांडीवर पडून राहतात. त्याचा शीण रस्त्याच्या शिणाहून मोठा असतो.

हे मी माझ्या आईमुळे सांगू शकते. ती माझ्याकडे राहायला आली की तिसऱ्या दिवशी परात पुढे घेऊन तांदूळ निवडायला बसायची. तांदूळ दुकानातून स्वच्छ करून आलेले असत, त्यात खडा मिळणे कठीण, तरी ती उन्हाच्या कवडशात परात तिरपी धरून, बोटाने दाणे एका कडेला सारत तासभर बसून राही. मी तिला उठवायची, ‘अगं, कशाला डोळे शिणवतेस’ म्हणायची, आणि ती काही न बोलता परात बाजूला ठेवायची. तिच्या हातांना माझ्या घरात एखादे काम हवे होते, हे मला फार उशिरा कळले. तुमच्या मुलाला आणि सुनेला ते उशिरा कळू नये, म्हणून तुम्ही ते सांगा. सकाळचा चहा मी करीन, किंवा संध्याकाळची भाकरी माझी, असे एखादे काम पोहोचल्या दिवशीच मागून घ्या.

दुसरी गोष्ट परतीच्या तारखेची. जाताना परतीचे आरक्षण करूनच निघा आणि ती तारीख मुलाला आधी कळवा. दिवस ठरलेले असले की राहणारा मोकळ्या मनाने राहतो आणि ठेवून घेणाऱ्यालाही उगाच आग्रह करावा लागत नाही. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, पूर्वी ते १२० दिवस आधी होत असे. सणासुदीच्या दिवसांसाठी हे लक्षात ठेवा. शयनयान डब्यात ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी आणि ६० वर्षांवरील पुरुषांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तेव्हा तिकीट काढणाऱ्याने दोघांची वये बरोबर भरली आहेत ना, हे एकदा विचारा. रात्रीचा प्रवास सोसतच नसेल तर बेळगावला येऊन दिवसाची गाडी धरा. हुबळी-पुणे वंदे भारत गाडी सप्टेंबर २०२४ पासून बेळगाव आणि मिरजमार्गे धावते; ती रोज नसते, म्हणून वार पाहून ठरवावे लागेल, पण ती सकाळी बेळगाव सोडते आणि दुपारी पुण्यात पोहोचवते. दिवसाच्या प्रवासात कुडचीच्या पुढे कृष्णेचा पूल लागतो. पावसाळ्यात ते पात्र कसे भरते हे तुम्ही वर्गात मुलांना शिकवले असेल. ते खिडकीतून दिसत असताना कदाचित तुमच्या यजमानांच्या हौसेचे कारणही तुम्हाला कळेल.

पोटाचे म्हणाल तर दशम्या, शेंगांची चटणी आणि घरचे उकळलेले पाणी एवढे बरोबर ठेवा, आणि पुण्यात पहिले दोन दिवस गरम, साधे जेवण घ्या. पाणी बदलले की पोट कुरकुरते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. त्रास दोन-तीन दिवसांहून लांबला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता त्या कुलपाविषयी. आपल्या भागातल्या पावसाळ्यात आठ दिवस बंद राहिलेल्या घराचे दार फुगून बसते. मी परत येते तेव्हा मला ते खांद्याने रेटावे लागते. आत ओल्या भिंतींचा आणि विझलेल्या चुलीचा वास कोंडलेला असतो, देवापुढच्या समईत वात काळी पडलेली असते, आणि शेजारच्या काकू आवाज ऐकून दुधाचे भांडे घेऊन येतात. दिवा लावून, खिडक्या उघडून, पहिला चहा होईपर्यंत मी कोणाशी फारसे बोलत नाही. तुमच्या यजमानांना तुम्ही गाडीच्या खिडकीशी एकटे बसू देता, तसेच त्यांनी तुम्हाला हा अर्धा तास द्यावा. दोघांचे सुख वेगवेगळ्या ठिकाणी आहे, इतकेच.

प्रश्न : मी निपाणीचा. माझी आई ७८ वर्षांची आहे आणि तिची धाकटी बहीण कोल्हापूरला असते. महिन्या-दोन महिन्यांनी मी आईला तिच्याकडे नेतो. कर्नाटकात महिलांना बस मोफत झाली तरी आईला कोल्हापूरच्या बसमध्ये तिकीट काढावे लागले, त्याचे तिला फार लागले. वाहकाने आपल्याला फसवले असे ती म्हणते. शिवाय एकदा सीमेवर वातावरण तापल्यामुळे गाड्या बंद झाल्या आणि आम्ही वाटेत अडकलो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : वाहकाने आईंना फसवलेले नाही, हे त्यांना समजावून सांगा. ११ जून २०२३ पासून सुरू झालेली शक्ती योजना कर्नाटकातल्या साध्या बससेवेपुरती आहे आणि आंतरराज्य गाड्यांना ती लागू होत नाही. निपाणीहून संकेश्वरला किंवा बेळगावला जाताना राज्याचा पत्ता असलेले ओळखपत्र दाखवले की त्यांना तिकीट पडणार नाही. कोल्हापूरला जाताना पडेल. अंतर चाळीसएक किलोमीटरचे असले तरी वाटेत राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडावा लागतो.

आईंना लागलेले दुःख तिकिटाच्या पैशाचे नसावे, असे मला वाटते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपल्या भागातल्या कितीतरी घरांत एक बहीण अलीकडे आणि एक पलीकडे राहिली, आणि बहिणीकडे जेवायला जाणे हाही आंतरराज्य प्रवास होऊन बसला. आईंच्या वयाच्या बायकांना त्या नाक्यावर दर वेळी हे नव्याने आठवत असेल. तुम्ही त्यांना नेता, हे फार चांगले करता.

गाड्या बंद होण्याविषयी अनुभवाने सांगते. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास, आणि बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते त्या दिवसांत, निघण्यापूर्वी स्थानकावर चौकशी केल्याशिवाय आईंना घराबाहेर काढू नका. तणाव वाढला की दोन्ही बाजूंची महामंडळे आपापल्या गाड्या सीमेअलीकडेच थांबवतात आणि म्हाताऱ्या माणसांना पुढची वाट पायी किंवा मिळेल त्या वाहनाने काढावी लागते. आईंची औषधे दोन दिवस जास्तीची घ्या, ती सामानात न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवा, आणि मावशींकडे एक मुक्काम वाढला तरी चालेल अशा बेतानेच निघा. एरवीच्या दिवसांत हा रस्ता मायेचा आहे. वाहक ‘एल्लिगे?’ म्हणून कन्नडमध्ये विचारतो, प्रवासी मराठीत गावाचे नाव सांगतो, आणि दोघांचेही काम होते. लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे.

प्रश्न : मी बेळगावच्या वडगाव भागातला, वय २९, नोकरी बेंगळुरूला. सुट्टी मिळाली की फिरतो. हिमाचल, केरळ, थायलंड पाहून झाले. महिन्यातून एकदा रात्रीच्या बसने घरी येतो आणि दोन दिवस झोपून काढतो. गेल्या महिन्यात ऑफिसमधले मित्र गोव्याला जाताना आमच्याकडे उतरले. ‘इथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे त्यांनी विचारले आणि मला काही सांगता आले नाही. कुंदा मिठाईचा डबा हातात देऊन त्यांना पुढे पाठवले. तेव्हापासून मन खात आहे.

उत्तर : मन खाते आहे ही चांगली खूण आहे, म्हणून तुम्हाला थोडे सविस्तर लिहिते.

बेंगळुरूच्या प्रत्येक फेरीत तुमची बस एम. के. हुबळी या गावाजवळ एक नदी ओलांडते. येताना तुम्ही त्या वेळी झोपेत असता. ती मलप्रभा. तिचा उगम तुमच्या घरापासून पन्नास किलोमीटरच्याही आत, कणकुंबीला आहे. तुम्ही हिमाचलात एखाद्या नदीच्या काठी बसून फोटो काढले असतील. या नदीचा उगम तुम्ही पाहिलेला नाही, आणि तो पाहायला एक रविवार पुरेसा आहे.

पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात जा. जांबोटी मागे पडली की रान दाट होते आणि बसमध्ये गारवा शिरतो. कणकुंबीला माउली देवीचे मंदिर आहे, त्या परिसरातच मलप्रभेचे तीर्थ आहे. पाणी पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल, इतके ते थोडे आणि शांत आहे. हेच पाणी पुढे खानापूरजवळून जाते, सौंदत्तीच्या बाजूला धरणात अडते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. याच खानापूर तालुक्यातल्या रानात म्हादई उगम पावते. ती मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातले पाणी दोन समुद्रांना जाते. तुमचे मित्र चोर्ला घाटाने गोव्याला गेले असतील तर ते या जागेवरूनच गेले, आणि हे त्यांना सांगू शकणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

दुसऱ्या फेरीत हलशीला जा. तेही खानापूर तालुक्यातच आहे. गोव्याच्या कदंबांची ती दुसरी राजधानी होती, आणि तिथले भूवराह नरसिंहाचे दगडी देऊळ आजही उभे आहे. गावात गर्दी नसते, त्यामुळे देवळाच्या पायरीवर बसून वेळ घालवता येतो. कुठेच जाणे जमले नाही तर निदान किल्ल्यातली कमल बस्ती पाहा. १२०४ साली रट्ट राजांच्या काळात बांधलेले हे जैन मंदिर तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आत गेल्यावर मंडपाच्या मध्यभागी उभे राहून मान वर करा आणि छतातून खाली उमललेले दगडाचे कमळ पुरते पाहून झाल्याशिवाय हलू नका.

झोपेविषयी मी तुम्हाला बोल लावणार नाही. रात्रीच्या बसने आलेल्या माणसाची अवस्था मला माहीत आहे. एका खासगी बसने मला एकदा पहाटे चारला, पावसात, गावाबाहेर महामार्गावरच उतरवले होते आणि रिक्षा मिळेपर्यंत मी तासभर कुडकुडत उभी होते. तेव्हापासून तिकीट काढतानाच नेमके कुठे उतरवणार हे मी विचारून घेते, तुम्हीही घ्या. शनिवारी पोटभर झोपा. रविवारी सकाळी मात्र उठा, आणि आईवडिलांपैकी कोणी येत असेल तर बरोबर न्या; त्यांनी ही ठिकाणे पूर्वी पाहिली असतील तर तुम्हाला वेगळा वाटाड्या लागणार नाही.

कणकुंबीकडे बसने जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, छत्री बरोबर असू द्या, आणि उतरल्याबरोबर परतीच्या गाडीची वेळ वाहकाला विचारून ठेवा.