वर्णभेद संपून 30 वर्षे झाली, तरी दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपमध्ये, म्हणजे गोरेतर लोकांसाठी शहरांच्या कडेला वसवलेल्या वस्त्यांत, इतके लोक पत्र्याच्या झोपड्यांत का राहतात?

कारण 1994 साली सत्ता बदलली, पण कोणी कुठे राहायचे हा जुना नकाशा जवळपास तसाच राहिला. 1950 च्या ग्रुप एरियाज ॲक्टने वंशानुसार वस्त्या वाटून दिल्या. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स 1966 मध्ये फक्त गोऱ्यांचा ठरवला आणि तिथल्या 60,000 हून अधिक लोकांना शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या वालुकामय सपाट भागात नेऊन टाकले. 1980 च्या दशकात त्याच भागात, शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर, काळ्या लोकांसाठी खायेलित्शा वसवले. हिवाळी पावसात तिथे घराघरांत पाणी शिरते. झोपड्या खेटून असल्याने एका स्टोव्हच्या भडक्याने गल्लीच्या गल्ली जळते. नळ आणि संडास अनेक कुटुंबांत सामाईक असतात, आणि रात्री तिथवर जायला बायकांना भीती वाटते. मला हे सगळ्यात संतापजनक वाटते.

नंतरच्या सरकारांनी 30 लाखांवर घरे बांधून दिली, हे खरेच मोठे काम आहे. पण स्वस्त जमीन शहराच्या कडेलाच मिळाली, त्यामुळे कामाची जागा लांबच राहिली आणि तुटपुंज्या पगाराचा मोठा भाग मिनीबस टॅक्सीच्या भाड्यात जातो. शिवाय काळ्या लोकांना शहरात जमीन मालकीची करायला पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती, मग वारशात घर येणार कुठून?

मात्र सगळ्या टाउनशिप सारख्या नाहीत. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत डीपक्लूफ एक्स्टेन्शनसारखे सुस्थितीतले मध्यमवर्गीय भागही आहेत.