'तर' आणि 'तरच' : तिसऱ्या ओळीत अडकलेल्या ताईंसाठी

ताई, तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या औषधाच्या दुकानातलं काम सांभाळून तीन आठवडे तर्कशास्त्र शिकताय. 'आणि', 'किंवा', 'नाही' जमलं, पण 'जर-तर'च्या सत्यता कोष्टकातली (विधान कधी सत्य, कधी असत्य हे दाखवणाऱ्या तक्त्यातली) तिसरी ओळ काही केल्या पटत नाही. पूर्वांग (म्हणजे 'जर'चा भाग) असत्य, उत्तरांग ('तर'चा भाग) सत्य, तरी अख्खं विधान सत्य कसं? आणि खाली, 'माझं डोकं या विषयाचं नाही बहुतेक.' हे शेवटचं वाचून राहवलं नाही. मी याच ओळीत जवळजवळ सहा महिने अडकलो होतो.

आधीच सांगतो, मी प्राध्यापक नाही. हिशेबनीस आहे. चाळिशीत, नोकरी करता करता, दूरशिक्षणातून तत्त्वज्ञान घेतलं. इथल्या जाणकारांना काही चुकीचं वाटलं तर जरूर दुरुस्त करा.

मी बाजारात निघालो की आई म्हणते, 'बांगडे मिळाले तर हुमण करीन.' हुमण म्हणजे आमची नारळाची माशांची आमटी. तिने शब्द मोडला असं कधी म्हणाल? बांगडे आणून दिले आणि तिने हुमण केलं नाही, तेवढ्या एकाच वेळी. बांगडे मिळाले नाहीत आणि तिने सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण केलं, तर शब्द मोडला का? नाही. डाळ-भातावर भागवलं? तरीही नाही. कोष्टक एवढंच विचारतं, शब्द मोडला का? नसेल मोडला, तर विधान सत्य. पूर्वांगामुळे उत्तरांग घडलं असं कोष्टक म्हणतच नाही. मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते. आमच्या शिकवणीत विचारल्यावर 'नियम आहे, पाठ करा' एवढंच उत्तर मिळालं.

तरी तुमची शंका पोकळ नाही. ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपास ग्रीसमध्ये डायोडोरस हा तत्त्वज्ञ आणि त्याचा शिष्य फायलो यांचा याच 'जर-तर'वर मतभेद होता. आपल्या कोष्टकात आहे तो फायलोचा अर्थ, आणि तो डायोडोरसला मान्य नव्हता. तेव्हा डोक्याला दोष देऊ नका.

आता मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. घरात हुमणाचा वास आला, म्हणजे बांगडे मिळाले असणार, असं म्हणता येईल का? नाही, सुंगटं असतील. पण आई जर म्हणाली असती, 'बांगडे मिळाले तरच हुमण करीन', तर वासावरून बांगडे नक्की ठरले असते. चिन्हांत 'जर-तर' बाणाने दाखवतात, आणि एका 'च'ने त्या बाणाची दिशा फिरते. 'तर' असेल तेव्हा बांगडे ही पुरेशी अट. 'तरच' असेल तेव्हा आवश्यक अट, पण पुरेशी असेलच असं नाही, कारण बांगडे असून घरात नारळ नसेल. आपल्या भाषेने हा भेद एका अक्षरात ठेवलाय. पण आपण बोलताना त्याची कदर करत नाही, 'तर' म्हणतो आणि मनात 'तरच' धरतो.

मी ज्या संस्थेतून शिकत होतो तिच्या पणजीतल्या कार्यालयात खिडकीच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता : 'शुल्क भरल्यासच परीक्षेस बसता येईल.' मी तो वाचला, शुल्क भरलं, पावती जपून ठेवली आणि निर्धास्त झालो. निघताना विचारलंही, 'आणखी काही लागतं का?' आतून उत्तर आलं, 'बाहेर लिहिलंय ते वाचा.' परीक्षा आठवड्यावर आली तरी प्रवेशपत्र नाही. साखळी गावाहून कदंबची बस पकडून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत कळलं की गृहपाठाच्या वह्यांवर केंद्राची सहीही लागते आणि तिची मुदत संपलीय. ही सूचना आतल्या खोलीतल्या फलकावर होती, जिथे विद्यार्थ्यांना सोडतच नसत. मी पावती पुढे करून म्हणत राहिलो, 'तुम्हीच लिहिलंय, शुल्क भरलं की बसता येतं.' कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं. आवश्यक अट लिहिली होती, मी ती पुरेशी समजून वाचली. ती चूक माझी. पण सरळ विचारल्यावर सरळ न सांगणं ही चूक त्यांची, आणि तिचा राग मला आजही येतो. वर्ष गेलं. सोबतच्या दोघींनी तर शिक्षणच सोडलं.

हे फक्त आपलंच होतं असं समजू नका. १९६६ साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने एक कोडं मांडलं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समजा समोर दिसतात ए, के, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला इंग्रजी स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण ए आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर ए आणि ७. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं बिअर पिणारे आणि त्यांचं वय असं करून विचारलं, तेव्हा बहुतेकांना सुटलं. म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो : विधानांच्या जागी नुसती प, फ अक्षरं घेऊन सुरुवात करूच नये. आधी ओळखीची वाक्यं, मग अक्षरं.

न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कपरंपरेतलं, 'जिथे धूर तिथे अग्नी' शाळेत ऐकलं असेल. उलट का चालत नाही, यासाठी नैयायिक (त्या परंपरेतले विचारवंत) तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात : अग्नी आहे, धूर नाही. मला हा गोळा हुमणाइतकाच उपयोगी पडला.

जाता जाता दोन गोष्टी. 'जर-तर'चं चिन्ह पुस्तकागणिक बदलतं, कुठे बाण, कुठे घोड्याच्या नालेसारखी खूण. घाबरू नका, कोष्टक तेच असतं. आणि मराठीतल्या 'नाही'ला जपा. 'सगळे आले नाहीत' म्हणजे कोणीच आलं नाही, की काही आले आणि काही राहिले? चिन्हांत मांडण्याआधी हे ठरवावंच लागतं. पुढे 'सर्व' आणि 'काही' शिकाल तेव्हा माझे सगळ्यात जास्त गुण इथेच गेले होते हे लक्षात ठेवा.

पुढचा धडा आठवडाभर बाजूला ठेवा. दुकानात कानावर पडणारी दहा वाक्यं वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट नोंदवा, काय घडलं तर हे वाक्य खोटं ठरेल. सुरुवात काउंटरवरच्या वाक्याने करा : 'डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच हे औषध मिळेल.' चिठ्ठी आहे आणि औषध संपलंय, तर वाक्य खोटं ठरलं का? तुमचं उत्तर इथे खाली लिहा, मी रात्री जेवण झालं की बघतो.