‘इश्यू’ दिसला की आधी कागद बघ

अरे, साताऱ्यात कोर्टाच्या कागदांच्या भाषांतराची कामं घ्यायची असतील, तर इंग्रजीतल्या ‘इश्यू’ला ‘समस्या’ लावून मोकळा होऊ नकोस. वारसाच्या कागदात ‘डाइड विदाउट इश्यू’ आलं की ‘निःसंतान वारले’ असं लिही. ‘निपुत्रिक’ नको, कारण मुलगीही ‘इश्यू’च, इथे समानार्थी शब्द ‘ऑफस्प्रिंग’, म्हणजे अपत्य. उगाच एका लेकीचा हिस्सा तुझ्या पेनानं उडायचा!

दिवाणी दाव्यातला ‘इश्यू’ आणखी वेगळा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १४ वाच: एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं नाकारायचं, त्यातून कोर्ट मुद्दे काढतं. तिथे ‘मुद्दा’च लिही.

बाकी सोपं आहे. दाखला ‘इश्यू’ होतो म्हणजे दिला जातो, मासिकाचा ‘इश्यू’ म्हणजे अंक. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघड, पण वाक्य पुरतं वाचून झाल्यावर.