धडगावकडे निघण्यापूर्वी संघाची तयारी

आपल्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ नाताळानंतर नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरातील पाड्यांवर, तेथील मंडळ्यांच्या सोबतीने, आठवडाभर सेवेसाठी जाणार आहे आणि रोजचे शास्त्रवाचन व वैयक्तिक प्रार्थना यांखेरीज आणखी कोणती तयारी करावी, असे आपण विचारले आहे. जळगाव-धुळ्याकडून सातपुड्यात जाणाऱ्या संघांबरोबर माझे बरीच वर्षे जाणे-येणे आहे. माझे मत असे की वैयक्तिक भक्तीत असे संघ सहसा कमी पडत नाहीत. ते कमी पडतात ते आपसांतील संबंधांत, आणि म्हणून तयारीचा मोठा वाटा तिथेच खर्च व्हावा.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवले, हा भाग पाठवणीच्या उपासनेत हमखास वाचला जातो. १५ वा अध्याय मात्र अशा वेळी कोणी उघडत नाही. आधीच्या प्रवासात मध्येच सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर न्यावे की नाही, यावरून त्याच दोघांत एवढा वाद झाला की एक जण कुप्राकडे (सायप्रस) आणि दुसरा सूरियाकडे (सीरिया) निघून गेला. हे दोन्ही अध्याय संघाने एकाच बैठकीत वाचावेत आणि मग प्रत्येकाला विचारावे की या संघात असा कोण आहे, ज्याच्याबरोबर एका खोलीत राहणे तुम्हाला जड जाईल. उत्तर सर्वांसमोर द्यायला लावू नये. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ज्याचे त्याने त्या व्यक्तीला एकांतात गाठावे.

एका संघात नाताळच्या कार्यक्रमाच्या हिशोबावरून दोघांचे बोलणे बंद झाले होते. पाळकांनी सर्वांना जोड्या करून एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करायला सांगितले, आणि नेमके हे दोघे समोरासमोर आले. एकाने सुरुवात केली. "प्रभू, माझ्या या भावासाठी" एवढे म्हणून तो थांबला, कारण पुढे नाव येईना. बाकीच्यांच्या प्रार्थना आटोपल्या तरी ते दोघे तसेच बसून होते. शेवटी दुसऱ्याने पिशवीतून हिशोबाची वही काढली आणि ते दोघे उठून व्हरांड्यात गेले. त्या संध्याकाळी ठरलेला गाण्यांचा सराव झाला नाही, आणि माझ्या मते त्यात काहीही बिघडले नाही.

वाचनासाठी नहेम्याचे पहिले दोन अध्याय घ्यावेत. नहेम्या हा पारसाच्या राजाच्या दरबारातील यहूदी सेवक; यरुशलेमेच्या दुर्दशेची बातमी त्याला किसलेव या यहूदी महिन्यात कळली आणि राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. म्हणजे मधले सुमारे चार महिने उपास, प्रार्थना आणि पापकबुलीत गेले, आणि ती कबुली देताना त्याने स्वतःला व आपल्या बापाच्या घराण्याला वगळले नाही. यरुशलेमेत पोहोचल्यावरही पहिले तीन दिवस तो काही बोलला नाही. रात्री तट पाहून आला आणि मगच लोकांना एकत्र केले. आपल्याकडच्या संघांना हे तीन दिवस फार जड जातात, कारण उतरल्या उतरल्या ध्वनिक्षेपक लावण्याची घाई असते.

तुम्ही ज्यांच्याकडे जात आहात त्या मंडळ्या पावरी व भिलीत प्रार्थना करतात, आणि त्यांतील कित्येकांचा विश्वास आपल्यापेक्षा जास्त तावूनसुलाखून निघालेला आहे, हे मनात ठसवणे हाही तयारीचाच भाग आहे. त्यामुळे "त्यांना काय द्यावे" याऐवजी "ते कशासाठी प्रार्थना करीत आहेत" हे तेथील पाळकांना आधी विचारून घ्यावे व जाण्यापूर्वी संघाने त्याच विषयांवर प्रार्थना करावी. दिवाळीनंतर त्या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तेव्हा घरी फक्त म्हातारी माणसे व काही मुले भेटण्याची शक्यता आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्णही त्या भागात बरेच आहेत. आजाऱ्यासाठी अवश्य प्रार्थना करावी, पण औषध थांबवायला चुकूनही सांगू नये आणि प्रार्थनेच्या बदल्यात कोणाला कशाचीही आशा लावू नये. याविषयी संघाचे एकमत निघण्यापूर्वीच झालेले बरे.

उपासाविषयी थोडक्यात सांगायचे, तर आठवड्यातून एक वेळ सर्वांनी मिळून धरावा. मधुमेह असलेल्यांनी किंवा औषधे चालू असलेल्यांनी जेवण न सोडता तो वेळ प्रार्थनेला द्यावा. प्रत्यक्ष सेवेच्या दिवसांत मात्र कोणीही उपास करू नये, कारण लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात, सेवेला पाठवलेल्या सत्तर जणांना, वाढलेले खा अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि यजमानाने केलेली भाकरी नाकारली तर त्याचे मन दुखावते.

संघातील प्रत्येक सदस्यासाठी प्रार्थना करायला मंडळीत मागे राहणाऱ्यांपैकी एकेक घर नेमावे व त्या घराला रोजचे विषय कळवण्याची जबाबदारी संघातील एकानेच घ्यावी. डोंगरात सगळीकडे नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून विषयांचा कागद आधीच देऊन ठेवावा. परतल्यावर लगेच रविवारी साक्षी (आलेल्या अनुभवांचे कथन) ठेवू नयेत. लूक १० मधील ते सत्तर जण परतले तेव्हा प्रभूने त्यांच्या आनंदाचे कारण आधी तपासून दिले, त्याप्रमाणे संघाने प्रथम पाळकांबरोबर बसावे आणि प्रवासात कोणाचे कोणाशी खटके उडाले हेही तिथे बोलून घ्यावे. मंडळीसमोर साक्ष त्यानंतरच्या रविवारी द्यावी.